परसबागेचे माप

घराच्या मागील अंगणाला मराठीत ‘परस’ म्हणतात. पुढच्या अंगणात तुळशीवृंदावन, रांगोळी आणि पाहुण्यांची ये-जा. मागच्या परसात न्हाणी, पाणी तापवण्याची चूल, धुण्याचा दगड आणि भाजीपाला. एक घराची दर्शनी बाजू, दुसरी कामाची. न्हाणीच्या पाण्यावर पोसलेली केळ आणि अळू, विहिरीजवळचा कढीलिंब, कुंपणावर चढलेला वालाचा वेल, गोठ्याच्या छपरावर पसरलेला लाल भोपळा या सर्वांची मिळून जी बाग होत असे, ती परसबाग. तिची आखणी कोणी कागदावर केलेली नसे. सातबाराच्या उताऱ्यावर शेतातील पिकांची नोंद होते. परसातील वालाच्या वेलाची नोंद तेव्हाही होत नव्हती आणि आजही होत नाही. तिचा माल बाजारात क्वचितच जाई. त्यामुळे शेतीचा विचार करणाऱ्यांनी तिला शेती मानले नाही आणि उद्यानांचा विचार करणाऱ्यांनी तिला बाग मानले नाही.

अलीकडच्या काळात या उपेक्षित बागेला पुन्हा मान मिळू लागला आहे. २०१८ साली सुरू झालेल्या पोषण अभियानात अंगणवाडीच्या आवारातील ‘पोषण वाटिका’ हा एक भाग झाला. शहरांतही गच्चीवर आणि सज्जात भाजीपाला लावणारी कुटुंबे दिसतात. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु या नव्या उत्साहात बागेला लावले जाणारे माप मात्र चुकीचे आहे. किती किलो वांगी निघाली, बाजारखर्चात किती रुपये वाचले, असा हिशेब मांडला जातो. या हिशेबात लहान बाग हरल्यावाचून राहत नाही.

थोडी आकडेमोड केली तर हे सहज ध्यानात येते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेनुसार प्रौढ माणसाच्या रोजच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात. म्हणजे पाच माणसांच्या घराला दररोज २ किलो आणि वर्षाकाठी ७०० किलोंहून अधिक भाजी लागते. १० फूट रुंद आणि २० फूट लांब परसातून एवढी भाजी वर्षभर मिळेल, असे आश्वासन कोणीही जबाबदार माणूस देणार नाही. धान्य, डाळी आणि तेल यांचा तर प्रश्नच नाही. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर हे गणिताचे अध्यापक. ‘प्रयोग परिवार’ उभारून त्यांनी थोड्या जमिनीतून विपुल उत्पन्न घेण्याचा विचार आयुष्यभर मांडला. पाच माणसांच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी त्यांनी दहा गुंठे जमीन गृहीत धरली होती. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. सर्वसामान्य घराचे परस त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकेही नसते.

मग एवढ्याशा जागेचा उपयोग काय? तिचे खरे मोल वजनात शोधू नये, प्रकारांत शोधावे. ज्या २०० चौरस फुटांत एकट्या टोमॅटोची लागवड केली तर दोन महिने टोमॅटोचा सुकाळ आणि पुढे दहा महिने दुष्काळ होतो, त्याच जागेत पंचवीस प्रकारच्या खाण्याजोग्या वनस्पती नांदू शकतात. जागा तेवढीच राहते. तिचा वापर मात्र वर, खाली आणि काळाच्या ओघात, अशा तिन्ही अंगांनी होतो.

गोव्यातील कुळागर या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तेथे सर्वांत वर माड आणि पोफळी, पोफळीच्या खोडावर चढलेली मिरवेल, त्याखाली केळी आणि सर्वांत खाली अननस, हळद, आले असे एकावर एक मजले असतात. वरच्या पानांतून गळून आलेल्या उन्हावर खालची झाडे वाढतात. कुळागर हे परसापेक्षा बरेच मोठे. तथापि त्यामागील विचार परसातही लागू पडतो. उत्तरेच्या कडेला शेवगा लावला, तर भारतात वर्षाचा बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने त्याची सावली भाजीच्या वाफ्यांवर फारशी पडत नाही. मध्यभागी मांडव घालून त्यावर दोडका, कारले, पडवळ किंवा तोंडली चढवावीत. मांडवाखालच्या सावलीत वांगी-मिरच्या खुरटतात. पण हळद, आले आणि अळू तेथे आनंदाने राहतात. ज्या वाफ्याला निदान सहा तास ऊन मिळते, तेथे टोमॅटो, मिरची, भेंडी आणि गवार लावावी. कुंपण हे तर वाल आणि चवळी यांचे हक्काचे स्थान. कोपऱ्यात गवती चहा आणि ओवा, न्हाणीच्या पाटाला केळ, दाराशी कढीलिंब. पपईची मात्र तीन-चार रोपे एकत्र लावावीत, कारण तिच्यात नर आणि मादी झाडे बहुधा वेगवेगळी असतात आणि एकच रोप लावणाऱ्याच्या नशिबी कधी कधी नुसता फुलोराच येतो.

काळाचा हिशेबही असाच आहे. मेथी आणि माठ पेरल्यापासून महिन्याभरात खुडता येतात. भेंडीला दीड-दोन महिने लागतात. वालाचा वेल पावसाळाभर केवळ पाने वाढवत राहतो आणि दिवस लहान होऊ लागले की फुलावर येतो. त्याच्या शेंगा हिवाळ्याच्या. सुरण जमिनीत आठ-नऊ महिने दडून राहतो. ज्या परसात हे सारे एकत्र असते, तेथे एकाच दिवशी टोपलीभर भाजी निघत नाही. पण ‘आज काहीच नाही’ असाही दिवस क्वचितच उगवतो.

विविधतेचे आणखी एक काम डोळ्यांना चटकन दिसत नाही. एकाच पिकाने भरलेल्या वाफ्यात कीड शिरली की तिला रोखणारे काही नसते. मिश्र बागेत वालावर मावा पडला, तरी शेजारची हळद निर्धास्त असते. कोथिंबीर किंवा शेपू फुलावर ठेवली असेल, तर मावा खाणारे ढालकिडेही तेथे आश्रयाला येतात. वाल, चवळी, गवार यांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र धरून ठेवतात आणि पुढच्या पिकाला त्याचा लाभ मिळतो. कीड यामुळे नाहीशी होते असे नव्हे. सर्वस्व एकदम जात नाही, एवढेच. आणि गरीब घराच्या दृष्टीने हे ‘एवढेच’ फार मोठे असते.

आहाराच्या बाजूने पाहिले तर प्रश्न अधिक गंभीर होतो. तांदूळ, गहू आणि मका या तीनच धान्यांतून जगातील माणसांना वनस्पतींपासून मिळणारी निम्म्याहून अधिक ऊर्जा मिळते. पोट भरण्याची समस्या त्यांनी बऱ्याच अंशी सोडवली. पण पोट भरलेले असतानाही शरीर उपाशी राहू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या फेरीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. परसात चार पालेभाज्या लावल्या की रक्तक्षय हटेल, असे सांगणे ही दिशाभूल ठरेल. जंत, हिवताप, वारंवारची बाळंतपणे अशी त्याची अनेक कारणे आहेत, आणि पालकातील लोहाचा तर फार थोडा अंश शरीर घेऊ शकते. परंतु त्याच जेवणात लिंबू, पेरू किंवा आवळा असेल, तर त्यातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह अधिक प्रमाणात शोषले जाते. शेवग्याची पाने, लाल भोपळा आणि पपई यांतून ‘अ’ जीवनसत्त्वाची गरज भागते. एका भाजीचे उणेपण दुसरी भरून काढते. बाजारात रोज चार प्रकार विकत घेणे ज्या घराला परवडत नाही, त्या घरात मूठभर शेवग्याची पाने आणि अर्धे लिंबू यांची किंमत वजनाच्या काट्यावर कशी कळावी?

या साऱ्याच्या मुळाशी बियाणे आहे. दुकानातील पाकिटांत बहुधा संकरित बियाणे असते. ते पहिल्या वर्षी भरघोस पीक देते. पण त्या पिकाचे बी पुन्हा पेरले तर मूळ गुण टिकत नाहीत आणि दरवर्षी नवे पाकीट घ्यावे लागते. जुन्या घरांत बियाण्याची व्यवस्था वेगळी होती. वेलावरील उत्तम शेंगा न खुडता तशाच वाळू देत. दुधी आणि दोडका पक्व होऊन वाळला की माजघराच्या आढ्याला टांगून ठेवत. वालाचे दाणे राखेत घोळवून मडक्यात भरत. राखेमुळे ओल शोषली जाई आणि भुंगा लागत नसे. सासरी जाणाऱ्या मुलीच्या गाठोड्यात अशी पुरचुंडी असे. एका गावचा पांढरा वाल दुसऱ्या गावी गेला, तो अशा पुरचुंड्यांतून.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच काम मोठ्या प्रमाणावर केले. शाळेत जाण्याची संधी त्यांना मिळाली नाही. वाल-घेवड्याचे निरनिराळे वाण, रानभाज्या आणि भात यांचे गावठी बियाणे त्यांनी जमवले, आपल्या जमिनीत लावून वाढवले आणि इतरांना दिले. त्यांच्या घरी उभी राहिलेली बियाण्यांची पेढी पाहण्यासाठी लोक दुरून येऊ लागले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या गौरवात सर्वांनी आनंद मानावा. मात्र हे ज्ञान एकेकाळी गावोगावच्या असंख्य स्त्रियांपाशी होते आणि कोणीही त्याची दखल घेतली नव्हती, हेही विसरू नये. शेतकऱ्याने स्वतःच्या पिकाचे बी राखणे, पुन्हा पेरणे आणि दुसऱ्याला देणे हा हक्क २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियमाने मान्य केला आहे. राखण्याजोगे बीच घरात उरले नाही, तर या हक्काचा उपयोग काय करावयाचा?

शिवाय केवळ बी टिकून भागत नाही. अळूत आंबट चुका किंवा चिंच घातली नाही तर घसा खवखवतो. सुरणाची तीच गत. करांद्यांच्या काही जाती चिरून, उकडून, पाणी बदलल्याशिवाय खाण्याजोग्या होत नाहीत. अंबाडीचा पाला कण्या घालून शिजवावा, टाकळा कोवळाच खुडावा, हे कोणत्याही पाकिटावर छापलेले नसते. जी भाजी रांधता येत नाही, ती लावली जात नाही. आणि जी लावली जात नाही, ती दोन पिढ्यांत नावानिशी नाहीशी होते. परसबागेच्या योजनांतून गावोगाव तीच पाच-सहा पाकिटे वाटली गेली, तर वाफे भरतील, परंतु ही विस्मृती थांबणार नाही. प्रत्येक गावातील वृद्ध स्त्रियांना आधी विचारावे आणि मग यादी करावी, हा क्रम अधिक योग्य ठरेल.

येथे एक आक्षेप रास्त आहे. परसबागेचे गोडवे गाणारे बहुधा पाणी शेंदणारे नसतात. जिथे पिण्याचे पाणीही डोक्यावरून आणावे लागते, तिथे पंचवीस प्रकारच्या झाडांचा भार घरातील स्त्रीवर टाकणे हा अन्याय होय. यावर उत्तर दुहेरी आहे. तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी, न्हाणीचे पाणी यांवर जेवढी बाग जगेल तेवढीच असावी. साबणाचे पाणी पालेभाज्यांना न देता केळीकडे वळवावे. दुसरे असे की बाग घराची असेल, तर तिचे कष्टही साऱ्या घराचे असावेत. मांडव घालणे, खड्डा खणणे, शेणखत वाहणे ही कामे पुरुष पूर्वीही करीत. रोजची देखभाल मात्र स्त्रीच्याच वाट्याला येत असे.

शहरातील घरांना परस उरलेले नाही. चाळी गेल्या, इमारती आल्या आणि घराची मागची बाजू म्हणजे दुसऱ्या घराची भिंत झाली. तरीही सज्जात तीन-चार तास ऊन येत असेल, तर तेलाच्या रिकाम्या डब्यात पुदिना, माठ आणि मेथी होते. जाळीला आधार धरून मायाळू चढते. डब्याच्या तळाला भोके पाडण्यास मात्र विसरू नये, कारण शहरी बागेत झाडे तहानेपेक्षा तुंबलेल्या पाण्यानेच अधिक मरतात. आणि मृग नक्षत्राच्या सुमारास एका डब्यात वालाचे दोन दाणे टोचून ठेवावेत. पौषापर्यंत जाळी शेंगांनी भरेल. त्यांतील टपोऱ्या शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात आणि ते दाणे राखेत घोळवून एका लहानशा बरणीत ठेवावेत; पुढच्या ज्येष्ठात शेजारच्या सज्जातून कोणी तरी मागायला येईलच.