दुसऱ्या पटावरून

रजा टाकून, डबा घेऊन मंगल कार्यालयातल्या बुद्धिबळ स्पर्धेला जावं, तर समोर नऊ वर्षांचं पोर येऊन बसतं. पाय जमिनीला टेकत नाहीत, पण घोडा कुठे ठेवायचा ते पक्कं ठाऊक. प्रत्येकाला ९० मिनिटं, शिवाय दर खेळीला ३० सेकंद. डाव सहज चार तास चालतो. गेल्या महिन्यात अशाच एका मुलासमोर, डावाच्या शेवटी हत्ती उरले असताना मी हत्तीला हात लावला आणि त्याच क्षणी दिसलं, हलवायला हवा होता राजा. हात लावला ते मोहरं खेळावंच लागतं. डाव गेला. रेटिंगचे गुण जातात त्याचं दुःख दोन दिवसांत ओसरतं. चार तास जपलेली बरोबरी हातची गेली, ते मात्र रात्री झोपू देत नाही. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी आयुष्यभर स्पर्धा भरवल्या, त्या अशा जागत्या रात्रींसाठीच, असं मला मनापासून वाटतं. त्या मुलाने स्कोअरशीटवर सही केली, मग जिन्यावर पट मांडून म्हणाला, ‘‘काका, राजा इथे आणला असता ना, तर मला काहीच करता आलं नसतं.’’ आम्ही तो डाव तिथे तीनदा खेळलो. तिन्ही वेळा बरोबरी झाली.