शब्दचिंतन : 'लिटरली' आणि 'अक्षरशः'

इंग्रजीतील 'लिटरली' हे क्रियाविशेषण 'अक्षर' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले. मराठीत त्याचा जुळा भाऊ म्हणजे 'अक्षरशः'. अक्षराला अक्षर जुळवून, हा दोघांचा मूळ अर्थ. आज दोन्ही शब्द केवळ जोर देण्यासाठी योजले जातात. 'उन्हाने अक्षरशः भाजून काढले' या वाक्यात कोणी भाजलेले नसते. भाषेला हे मान्य आहे. मात्र मूळ अर्थाचे मोल विसरता कामा नये.

ते मोल अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरने जाणले. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गावोगाव फिरून जमवल्या, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत हरवली. तेव्हा अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला आणि आठवणींत फरक पडला तेथे पाठभेद नोंदवले.

घरात 'ते अक्षरशः असेच म्हणाले' या एका वाक्याने नाती दुरावतात. दुसऱ्याचे बोल सांगताना शब्द नेमके आठवत नसतील, तर 'अशा आशयाचे म्हणाले' एवढेच म्हणावे. त्यात कमीपणा नाही; प्रामाणिकपणा आहे.