मुद्दाम चुकीचा घासलेला आरसा



रात्री अकरा वाजता सराफ्यात काजवा दिसेल का? एवढ्या दिव्यांत शक्यच नाही. अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड दुर्बिणीची अडचण अशीच आहे, फक्त तिथे झगमगाट दुर्बिणीचा स्वतःचाच असतो. प्रत्येक उबदार वस्तू अवरक्त किरण सोडते, आरसासुद्धा. म्हणून दुर्बीण गार करायची. अशा कामाला द्रव हेलियम लागतो, उणे २६९ अंशांचा. तो बनवणारं देशी यंत्र आपल्या इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राने घडवलं आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने एक मीटर आरशाची अवरक्त दुर्बीण हैदराबादहून फुग्याला टांगून सुमारे ३० किलोमीटर वर पाठवली. तिचे संवेदक निरपेक्ष शून्याच्या जेमतेम ०.३ अंश वर ठेवलेले, पण आरसा गार केलेला नव्हता. म्हणून दुय्यम आरसा सतत हलवून एकदा तारा, एकदा शेजारचं आकाश बघायचं आणि वजाबाकी करायची. काम संपलं की दुर्बीण पॅराशूटने खाली. काही बिघडलं तर दुरुस्त करून पुन्हा वर!

२५ डिसेंबर २०२१ ला निघालेल्या जेम्स वेब दुर्बिणीला ही सोय नव्हती. ती १५ लाख किलोमीटर दूर आहे, दुरुस्तीला कोण जाणार? तिच्या मुख्य आरशाचे बेरिलियमचे १८ तुकडे पाच पदरी पडद्याआड उणे २२० अंशांच्या आसपास आणि त्याहून गार राहतात. एवढ्या थंडीत धातू आकसतो, तोही सगळीकडे सारखा नाही. मग प्रत्येक तुकडा नासाच्या मार्शल केंद्रात तितकाच गार करून तो कुठे किती मुरडतो ते मोजलं. पुन्हा साध्या तापमानाला आणून नेमका उलटा दोष त्यात घासून ठेवला. इथे चुकीचा, तिथे बरोबर! फरक अगदी सूक्ष्म. मागच्या मोटारींनी तुकड्यांची जागा आणि बाक जुळवता येतो, पण पृष्ठभागावरचा बारीक दोष तिथे काढता येत नाही.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे वाक्य आमच्याकडे रोजचं, कारण चुकलं तर रात्रीतून नवं व्हर्जन चढवता येतं. आरसा घासणाऱ्यांना ती मुभा नव्हती.

तेव्हा मुलांनी विज्ञान प्रदर्शनाचं मॉडेल घरातल्या टेबलावर चालवून दाखवलं, की शाबासकी द्या. मग म्हणा, "आता गच्चीवर, दुपारच्या उन्हात चालवून दाखव."

भेटू पुढच्या अंकात.