पडवीचा खांब आणि गावचा सुतार



‘लाकडी पडवी म्हणजे दरवर्षीचा खर्च, ती पाडून सिमेंटचे खांब घाला आणि काम शहरातल्या ठेकेदाराला द्या’ हा मागच्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला मला अजिबात पटला नाही.

कोकणात पडवीचा खांब कुजतो तो बहुधा बुडाशी. तळखड्यावर, म्हणजे बुडाखालच्या दगडावर, मोकळा उभा असलेला खांब पावसात भिजला तरी वाळतो. भोवती लाद्या बसवून सांधा सिमेंटने बुजवला की पाणी आत अडकते, लाकूड ओल वर ओढते आणि वाळवीचे फावते. आमच्या घरी असेच झाले, आणि ते काम बाहेरच्या ठेकेदाराचेच होते. शेवटी गावच्या सुताराने छपराला टेकू दिला, कुजका भाग कापून फणसाचा तुकडा जोडला आणि सिमेंट फोडून तळखडा मोकळा केला. वरचा खांब ठणठणीत होता. पावसाआधी काजूच्या टरफलाचे तेल लावणे, फुटकी कौले बदलणे, एवढी निगा पुरते.

मात्र एप्रिल-मेमध्ये सुतार हाती लागत नाहीत. त्यांना दिवाळीनंतरच सांगावे, लाकूड आणून सुकवून ठेवावे आणि मजुरी काम संपेल त्याच दिवशी द्यावी. ‘गावचाच आहे, देऊ सावकाश’ हे आता बंद व्हायला हवे.

– एक वाचक, सिंधुदुर्ग