अनुदान आणि आवाज

काही वर्षांपूर्वी आपल्या वसतिगृहाचे परिपोषण अनुदान अनेक महिने थकले होते. किराणा दुकानदाराची उधारी वाढत चालली होती आणि मुलांच्या ताटातील डाळ पातळ होत होती. कार्यकारिणीच्या बैठकीत मी वृत्तपत्रांना द्यावयाच्या निवेदनाचा मसुदा वाचून दाखविला. तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी शांतपणे विचारले, "ज्यांच्या पैशावर आपली चूल पेटते, त्यांच्याविरुद्ध लिहायचे काय?" कोणी काही बोलले नाही. मसुदा फाइलमध्ये गेला. मीही आग्रह धरला नाही, याची खंत मला आजही आहे.

त्या ज्येष्ठांचा हेतू शुद्ध होता. त्यांना मुलांची काळजी होती. परंतु त्यांच्या प्रश्नात एक गृहीतक दडले होते, की अनुदान घेणाऱ्याने आपला आवाजही गहाण ठेवलेला असतो. बाबासाहेबांना हे गृहीतक मान्य नव्हते. 1928 साली त्यांनी भारतीय बहिष्कृत समाज शिक्षण प्रसारक मंडळ स्थापन केले, आणि दलित विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांसाठी मुंबई सरकारकडून अनुदान मिळविले. ते स्वतः 1927 पासून मुंबई विधिमंडळात सरकारनियुक्त सदस्य होते. असे असूनही 8 ऑगस्ट 1930 रोजी आपल्याच नागपुरात, अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ब्रिटिश राजवटीचा हिशेब मांडला. इंग्रज येण्यापूर्वी अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, देवळात जाता येत नव्हते, पोलिसांत शिरता येत नव्हते. इतक्या वर्षांच्या राज्यानंतर त्यात काय बदलले, असा त्या भाषणाचा रोख होता. वसतिगृहासाठी घेतलेला पैसा त्यांनी वसतिगृहासाठीच वापरला. मौन त्या व्यवहारात नव्हतेच.

शासनाला काय मागता येते, हेही स्पष्ट असावे. हजेरीपट, लेखापरीक्षण, स्वयंपाकघराची तपासणी, प्रवेशाचे नियम हे सारे त्याने मागावे आणि आपण चोख द्यावे. आपल्या काही संस्थांनी यात जी ढिलाई केली, तिनेच त्यांचा आवाज दुबळा केला, हे कटू असले तरी लिहिले पाहिजे. ज्याचा हिशेब अपुरा, त्याला गप्प बसविणे सोपे असते. परंतु 'आमचे मत तेच तुमचे मत असले पाहिजे' अशी अट ही तपासणी नव्हे.

अशी अट प्रत्यक्षात येते तेव्हा काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात, सांगलीत घडले. तेथील 'संग्राम' ही संस्था वेश्याव्यवसायातील स्त्रियांमध्ये एड्सप्रतिबंधाचे काम करते. देवदासी प्रथेतून आलेल्या स्त्रियाही त्यांत आहेत. अमेरिकेच्या 2003 सालच्या कायद्याने एड्सनिवारणाचा निधी घेणाऱ्या संस्थांवर वेश्याव्यवसायाला विरोध करणारे धोरण जाहीरपणे स्वीकारण्याची सक्ती केली. ज्या स्त्रियांच्या विश्वासावर काम उभे आहे, त्यांच्याविरुद्ध प्रतिज्ञा करायची कशी? 2005 साली 'संग्राम'ने अट नाकारली आणि तो पैसाही नाकारला. त्याच वर्षी ब्राझीलच्या सरकारने याच कारणासाठी सुमारे चार कोटी डॉलर सोडले.

पुढे 2013 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याविरुद्ध ठरविली. सरकारने आपल्या कार्यक्रमाच्या मर्यादा ठरवाव्यात, पण त्या पैशाच्या जोरावर संस्थेची श्रद्धा ठरवू नये, असे त्या निकालाचे सार आहे. मात्र 2020 साली त्याच न्यायालयाने सांगितले की हे संरक्षण अमेरिकी संस्थांना आहे, त्यांच्या परदेशी सहयोगी संस्थांना नाही. म्हणजे सांगलीच्या स्त्रियांना त्या संविधानाचा आधार नाही. त्यांना आधार आपल्या संविधानाचाच.

आणि आपले संविधान काय म्हणते? कलम 19 मधील भाषणस्वातंत्र्य नागरिकांना आहे. नोंदणीकृत संस्था ही नागरिक नव्हे. पण तिचे सभासद, शिक्षक, पालक, माजी विद्यार्थी हे नागरिक आहेत, आणि संस्थेच्या कागदावर सही केल्याने त्यांचे नागरिकत्व संपत नाही. कलम 30 च्या दुसऱ्या खंडानुसार, शिक्षणसंस्था अल्पसंख्याकांच्या व्यवस्थापनाखाली आहे एवढ्या कारणावरून शासनाला अनुदानात भेदभाव करता येत नाही. 1993 साली केंद्राने अधिसूचित केलेल्या अल्पसंख्याकांत बौद्ध आहेत. ही तरतूद आपल्या किती कार्यकारिणींनी वाचली असेल, याची मला शंका आहे.

व्यवहारातील भीती मात्र कलमांनी जात नाही. अनुदान बंद करण्याचा आदेश कोणी काढत नाही. फाइल एका टेबलावर थांबते, एवढेच. मुख्याध्यापक किंवा अधीक्षक एकटे बोलले, तर ती फाइल थांबण्याची किंमत मुले मोजतात. म्हणून बोलण्याचा पहिला भार ज्यांचा पगार किंवा भोजन त्या अनुदानातून येत नाही, त्यांनी उचलावा. ते आपण माजी विद्यार्थी आहोत. आपल्यांत वकील आहेत, प्राध्यापक आहेत, निवृत्त अधिकारी आहेत. याच अनुदानावर आपण जेवलो, आणि ते पैसे शासनकर्त्यांच्या खिशातून आलेले नव्हते. ते ज्या करातून आले, तो कर आपल्या आईवडिलांनीही मीठमिरची विकत घेताना भरला होता.

तो जुना मसुदा मी फाइलमधून काढून ठेवला आहे. आकडे आणि तारखा नव्याने भराव्या लागतील. सह्यांसाठी दोन कोरी पाने मागे जोडली आहेत. माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दिवशी ती माझ्याजवळ असतील.