दार उघडा, आईला आत घ्या

नवजात कक्षांचे प्रमुख, खासगी एनआयसीयूचे डॉक्टर, सिस्टर, आशाताई आणि ज्यांचं बाळ आज पेटीत आहे त्या सगळ्या घरांसाठी हे पत्रक आहे. नवजात कक्षात काम केलेल्या आम्ही काही परिचारिका आणि पेटीतली बाळं वाढवलेल्या काही आया मिळून ते काढत आहोत.

"बाळ अंगावर धरतच नाही हो." महिनाभर आत राहिलेलं बाळ घरी आलं की चार दिवसांत हे वाक्य ऐकू येतं. बाळ तोंड फिरवतं, रडून लालबुंद होतं. सासूबाई म्हणतात, हिला दूधच नाही. शेजारीण दुधाच्या डब्याचं नाव सांगते, केमिस्ट बाटली काढून देतो आणि विषय संपतो. दोष बाईच्या अंगाला लागतो, नाहीतर बाळाच्या नशिबाला. ज्या दाराने महिनाभर या दोघांना वेगळं ठेवलं, त्या दाराकडे कोणी बोट दाखवत नाही. आम्ही दाखवतो आहोत.

पेटीतल्या बाळाची आई ही भेटीला आलेली नातेवाईक नाही. तिला 'भेटीची वेळ ४ ते ५' हा नियम लावणं चुकीचं आहे आणि या चुकीची किंमत बाळ मोजतं.

दिवस पुरे व्हायच्या आत बाळंतपण होतं. बाळ सव्वा किलोचं, श्वासाला धाप. त्याला उचलून नवजात कक्षात नेतात. पुष्कळदा ते दुसऱ्याच गावच्या मोठ्या रुग्णालयात असतं आणि आई टाके सांभाळत तालुक्याला. नवऱ्याच्या मोबाइलवरचा फोटो हेच तिचं बाळ. पहिल्या दिवशी तिला कोणी सांगत नाही की दूध काढायचं आहे. तिसऱ्या दिवशी छाती दगडासारखी होते, ताप भरतो, कोणी कपडा घट्ट बांधायला सांगतं. आठवड्याने छाती मऊ पडते आणि सगळ्यांना वाटतं, त्रास मिटला. मिटलेलं असतं ते दूध.

दूध सुरू होतं ते वार पडल्यामुळे. बाळ तिसाव्या आठवड्यात आलं तरी ते येतं, सिझेरियन झालं तरी येतं. पण विहीर उपसली नाही की झरे बुजतात, तसं काढलं नाही तर ते टिकत नाही. म्हणून पहिल्या एक ते सहा तासांत चीक काढायला बसायचं, पुढे दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळा. रात्रीची पाळी चुकवायची नाही, कारण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं.

पंप लागतोच असं नाही. अंगठा वर, दोन बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेपासून जरा मागे. आधी छातीकडे दाबायचं, मग अंगठा आणि बोटं जवळ आणायची, मग सोडायचं. कातडीवरून बोटं घसरवायची नाहीत, बोंड ओढायचं नाही. पहिल्या दिवशी वाटीच्या तळाला पिवळ्या चिकाचे चार-पाच थेंब दिसतात आणि 'एवढंसंच?' म्हणून बाई वाटी धुवायला निघते. त्या क्षणी सिरिंज पुढे करून ते थेंब उचलून घेणारी सिस्टर तिथे हवी. एक किलोच्या बाळाला सुरुवातीला एका वेळी लागतं तेच मुळी एक-दोन मिलिलिटर! आतड्याला सूज येऊन सडण्याचा जो आजार अशा बाळांना घेऊन जातो, तो आईच्या दुधावरच्या बाळांत डब्याच्या दुधापेक्षा कमी दिसतो. त्या चार थेंबांना औषध म्हणायला आम्हाला संकोच वाटत नाही.

आता खरा प्रश्न. ज्याने जन्मापासून कधी चोखलेलंच नाही, नळीनेच ज्याचं पोट भरलं, ते अंगावर कसं येणार?

येतं. त्याला शिकायला वेळ आणि जागा लागते, आणि ती जागा आईची छाती आहे. लंगोट आणि टोपी एवढ्यावर बाळ आईच्या उघड्या छातीवर, वरून तिचाच पदर किंवा चादर. ही कांगारू पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, ती पेट्या कमी पडत होत्या म्हणून. नळीने दूध जात असतानाच बाळाला असं धरा. सिरिंज वर टांगलेली असते, दूध आपसूक खाली उतरतं, आणि त्याच वेळी बाळाच्या तोंडाशी बोंड असतं. ते आधी हुंगतं, मग चाटतं. एखाद्या दिवशी तोंडात धरतं आणि तसंच झोपी जातं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काहीच झालं नाही. पण पोट भरण्याची आणि आईच्या अंगाची गाठ बाळाच्या मनात इथेच पडते. या दिवसांत आईने आधी दूध काढून छाती रिकामी केलेली असली की ठसक्याची भीतीही राहत नाही.

चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ पोटातले दिवस धरून साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास बसतो, हे खरं. पण तोवर छातीशी नेऊच नका, हा त्याचा अर्थ नव्हे. स्वीडनमधल्या नवजात कक्षांत आईबाप बाळाजवळ राहतात. तिथल्या निरीक्षणांत २९ आठवड्यांची बाळंसुद्धा बोंड शोधताना आणि थोडं थोडं चोखताना आढळली आहेत.

पहिलं खरं चोखणं म्हणजे दोन-तीन ओढी आणि लांबलचक थांबा. त्या थांब्याला नकार समजून बाळाला उचलू नका, ते श्वास गोळा करत असतं. मानेमागे तळहाताचा आधार द्या, डोकं मागून ढकलू नका, ढकललं की बाळ मान मागे टाकतं. आधी छाती हलकेच दाबून एक थेंब ओठावर द्या. धारेने दचकत असेल तर थोडं दूध आधी काढून टाका. पिण्याआधी आणि नंतर त्याच कपड्यांत वजन करा. दहा ग्रॅम वाढले तर साधारण दहा मिलिलिटर पोटात गेलं, तेवढं नळीतून कमी करा. नळी अशी हळूहळू सुटते.

हृदयाची किंवा आतड्याची शस्त्रक्रिया होऊन दोन-दोन महिने आत राहिलेली बाळं असतात. त्यांना जास्त दिवस लागतात. ती भुकेने किंचाळत असताना प्रयत्न करू नका. अर्धवट झोपेत, अर्धं पोट भरल्यावर, उघड्या अंगाशी धरून करा. छातीवर वरून चमच्याने थेंब थेंब दूध सोडत राहिलं की बाळाला चोखण्याचं फळ लगेच मिळतं आणि ते पुन्हा ओढ घेतं. आटलेलं दूधही अशाने परत येऊ शकतं. मात्र यासाठी शेजारी बसून दाखवणारं माणूस लागतं. भिंतीवरच्या पोस्टरने हे होत नाही.

"आधी बाटलीवर चोखू दे, मग अंगावर देऊ," हा सल्ला तर सरळ उलटा आहे. अंगावर पिताना अशक्त बाळ हवं तेव्हा थांबून श्वास घेतं, आणि त्याचा ऑक्सिजन बाटलीपेक्षा कमी घसरतो, हे १९८०च्या दशकापासून मोजून ठेवलेलं आहे. वरचं द्यावंच लागलं तर वाटी-चमचा आहे. घरी जाणाऱ्या बाळाच्या पिशवीत रुग्णालयाने बाटली का ठेवावी? दुधाचे डबे आणि बाटल्या यांच्या जाहिराती, फुकट नमुने आणि रुग्णालयांतल्या प्रचारावर १९९२च्या कायद्याने आणि २००३च्या दुरुस्तीने बंदी आहे. डिस्चार्ज कार्डावर कंपनीचं नाव लिहून देणाऱ्यांनी तो कायदा एकदा काढून वाचावा.

आईला आत न घेण्याची कारणं दोन सांगतात. पहिलं, जंतुसंसर्ग. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या पाच रुग्णालयांत १ किलो ते १ किलो ७९९ ग्रॅम वजनाच्या ३,२११ बाळांवर अभ्यास केला. भारतातलं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. या पाचही ठिकाणी बाळाच्या अतिदक्षता कक्षातच आईची खाट टाकली आणि जन्मानंतर लगेच कांगारू पद्धत सुरू केली. अशी बाळं दिवसाला सुमारे १७ तास अंगाशी होती. २८ दिवसांतले मृत्यू त्यांच्यात १२ टक्के, नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के. आणि ज्याची भीती घालतात तो संशयित जंतुसंसर्ग आईजवळच्या बाळांत २२.९ टक्के, वेगळ्या ठेवलेल्यांत २७.८ टक्के. फायदा एवढा स्पष्ट होता की अभ्यास ठरल्याआधीच थांबवला. हे २०२१ साली छापून आलं. २०२२ साली संघटनेने सांगितलं की कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना दिवसाला ८ ते २४ तास कांगारू पद्धत द्या. आपल्या केंद्र सरकारने तर २०१७ सालीच आईबापांना नवजात कक्षात घेऊन बाळाची काळजी शिकवण्याच्या सूचना काढल्या आहेत. आता संसर्गाचं कारण देऊ नये. हात धुवायला साबण आणि पाणी द्यावं.

दुसरं कारण, माणसं कमी. हे अगदी खरं आहे, आमच्याइतकं ते कोणाला ठाऊक असणार? पण माणसं कमी आहेत म्हणून जी बाई दिवसभर एकाच बाळाजवळ बसायला तयार आहे तिला बाहेरच्या बाकावर बसवायचं, हा कुठला हिशोब?

बाहेरचा बाकही सगळ्यांना मिळत नाही. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीचं मोफत जेवण साध्या बाळंतपणाला ३ दिवस आणि सिझेरियनला ७ दिवस असं लिहिलेलं आहे. बाळ मात्र महिनाभर आत असतं. वीटभट्टीवरची किंवा ऊसतोडीची बाई आठव्या दिवशी काय खाणार आणि कुठे झोपणार? ती गावी परत जाते, आणि तिच्या नावापुढे 'आई येत नाही' अशी नोंद होते. बाळ आत असेपर्यंत आईचं जेवण, एक खाट आणि न्हाणीघर मिळालंच पाहिजे. यात यंत्र एकही नाही.

जिचं दूध अजून उतरलेलं नाही तिच्या बाळाला दात्या आईचं दूध मिळावं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली दूधपेढी उभी केली. दूधपेढीची वाट या राज्यानेच दाखवली असताना जिल्ह्याच्या ठिकाणी आजही डबा हाच पहिला उपाय असावा, हे आम्हाला पटत नाही.

घरच्यांनाही सांगायचं आहे. सव्वा महिना बाळंतिणीने उंबरा ओलांडू नये, हा नियम बाळ घरात असणाऱ्यांसाठी होता. बाळ रुग्णालयात असेल तर बाळंतिणीची जागा तिथेच. सासूबाईंनी जेवणाचा डबा पोचवावा, नवऱ्याने स्वतःच्या छातीवर बाळ घ्यावं, तेही कांगारूच आहे. दूध कमी पडलं म्हणून तिला बोल लावू नका. काही बाळांचा आजारच असा असतो की अंगावर पाजता येत नाही, काही आयांचं दूध प्रयत्न करूनही पुरत नाही. त्यांच्यापैकी एकीलाही अपराधी वाटावं म्हणून हे पत्रक नाही. जिला संधीच मिळाली नाही तिच्यासाठी ते आहे.

तुमचं बाळ आज आत असेल तर आजच कक्षप्रमुखांना साध्या कागदावर लेखी अर्ज द्या: 'मला माझ्या बाळाजवळ रात्रंदिवस राहू द्यावं, दूध काढायला शिकवावं आणि मला विचारल्याशिवाय बाळाला बाटली देऊ नये.' सही करा, तारीख घाला, पोच घ्या. नकार आला तर तोही लेखी मागा. आशाताईंनो, घरभेटीला गेल्यावर वजनासोबत बाळ अंगावर आलं का हेही बघा, आणि आलं नसेल तर पाच मिनिटं जास्त बसा.