घरांतील उंदीर आणि गांवाचें कर्तव्य

घरांत उंदीर झाला तर त्यावर वर्तमानपत्रानें अग्रलेख लिहावा काय, असा प्रश्न कांहीं वाचक करतील. हा मुलांच्या गोष्टींतला विषय, फार तर घरधनिणीच्या कुरकुरीचा. देशापुढें मोठमोठे प्रश्न पडले असतां संपादकानें आपली लेखणी बिळाच्या तोंडाशीं कां नेऊन बसवावी? या आक्षेपास आमचें उत्तर एवढेंच कीं, ज्या प्राण्याच्या संगतीनें आलेल्या रोगांत या देशांतील एक कोटीहून अधिक माणसें मेलीं, ज्या रोगाच्या बंदोबस्तापायीं पुण्यांत घरोघर गोरे शिपाई शिरले, त्याला क्षुद्र म्हणण्याची चैन महाराष्ट्राला परवडणारी नाहीं.

विषय आज काढण्याचें निमित्त साधें आहे. नगरहून पाथर्डीस जाणाऱ्या रस्त्यावर तिसगांव हें मोठें गांव आहे. तेथील एक शेतकरी परवां वकिलीच्या कामासाठीं आमच्याकडे आला. बांधाच्या वादांत त्याचा सारा भरंवसा वडिलांच्या खरेदीखतावर होता. तें खत त्यानें पेटींतून काढलें तों हातांत नुसता भुसा आला. खतासाठीं शोक करण्याचें कारण नाहीं. दस्त नोंदलेला असल्यामुळें दुय्यम निबंधकाच्या कचेरींतून त्याची नक्कल मिळते. पण बोलतां बोलतां तो गृहस्थ म्हणाला कीं, उंदरांसाठीं घरांत विषारी मलम लावलेले भाकरीचे तुकडे ठेविले होते, आणि त्याची तीन वर्षांची नात त्यांतला एक तुकडा हातांत घेऊन उंबऱ्यावर बसलेली सुनेनें पाहिली. तुकडा तोंडांत गेला नव्हता, म्हणूनच ही हकीकत आज शांतपणें सांगतां येते. कागदाची नक्कल मिळते. नातीची मिळत नाहीं.

थोडा इतिहास आठवूं. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे वखारींची वस्ती. रोग तेथें प्रथम दिसावा यांत आज आपणांस नवल वाटत नाहीं. पण त्या वेळीं सरकारनें रोगाचें मूळ माणसांच्या घरांत आणि कपड्यालत्त्यांत शोधलें. १८९७ च्या फेब्रुवारींत साथरोगांचा कायदा झाला. पुण्यांत रँडसाहेबांच्या कमिटीनें सोजिरांकरवीं घरें तपासलीं, माणसें बाहेर काढलीं, सामानसुमान जाळलें. २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनीं रँडवर गोळी झाडली. जुलैंत लोकमान्य टिळकांस पकडण्यांत आलें व राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्याच साथींत, १० मार्च १८९७ रोजीं, रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले गेल्या. एवढें सारें होत असतां खरा वाहक भिंतीच्या आंत निर्वेध फिरत होता! चोर सोडून संन्याशाला फांशी ही म्हण इतकी अक्षरशः क्वचितच खरी ठरली असेल. पुढच्याच वर्षीं सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें कराचींत दाखविलें कीं, हा रोग उंदराच्या अंगावरील पिसवा पसरवितात. परंतु त्याच्यावर बराच काळ कोणी विश्वास ठेविला नाहीं. १९०५ पासून मुंबईंत परळच्या प्रयोगशाळेंत प्लेग कमिशननें प्रयोग केले, तेव्हां तें निर्विवाद ठरलें. शास्त्राचा हा निकाल लागण्यापूर्वींच आमचे खेड्यांतले लोक घरांत उंदीर मरून पडूं लागले कीं गांव सोडून शेतांत झोपड्या घालीत. त्यांस पिसवांचें कर्म ठाऊक नव्हतें, पण उंदराचें होतें.

हें सर्व शंभर वर्षांपूर्वींचें, असें म्हणून कोणी सुटका करून घेऊं नये. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीचा भूकंप झाला आणि मराठवाड्यांत पुष्कळांनीं भीतीनें घरें सोडलीं. धान्य मात्र घरांतच राहिलें. १९९४ च्या ऑगस्टांत बीड जिल्ह्यांतील मामला या गांवीं गांठीच्या प्लेगाचे संशयित रोगी आढळले. सोडलेल्या घरांतील धान्यावर उंदरांची वीण माजली, हें त्याचें एक कारण असावें, असें तपासणाऱ्यांचें अनुमान होतें. सप्टेंबरांत सुरतेस फुप्फुसाचा प्लेग दिसला, आणि लाखों लोक शहर सोडून पळाले. त्या वर्षीं देशांत पन्नासांहून अधिक माणसें दगावलीं. बीड जिल्ह्याची हद्द पाथर्डी तालुक्यास लागूनच आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, कुलूप लागलेलें घर आणि आंत राहिलेलें धान्य हें चित्र पाथर्डी तालुक्यांत भूकंपावांचूनही दर वर्षीं दिसतें. दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं कारखान्यांच्या वाटेला लागतात व पांच-सहा महिन्यांनीं परततात. तोंवर त्यांच्या घराचा धनी उंदीर असतो.

प्लेगावर आज औषध आहे, व तें वेळेवर मिळाल्यास रोगी बहुधा वाचतो. पण उंदराचें देणें एवढ्यानें फिटत नाहीं. त्याच्या मुताच्या संसर्गानें लेप्टोस्पायरोसिस होतो. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईनें त्याचा अनुभव घेतला. शिवाय ‘आयत्या बिळांत नागोबा’ ही आमच्याकडे केवळ म्हण नव्हे. जेथें उंदीर तेथें साप; आणि उंदीर खाऊन आपलें काम करणारी बिनविषारी धामण घरांत दिसली कीं आपण प्रथम तिलाच काठी घालतों.

मग उंदीर मारावा कीं नाहीं? मारावा, परंतु मारण्यानें तो संपेल या भ्रमांत राहूं नये. मादी सुमारें तीन आठवड्यांत वितें, एका वेतास सहा-आठ पिलें होतात, आणि तीं पिलें अडीच-तीन महिन्यांत स्वतः विण्याजोगीं होतात. दाणा मोकळा व बीळ उघडें असेल तर मेलेल्या उंदराची जागा शेजारचा उंदीर आठवड्यांत भरून काढतो. मेलेल्यांचा आंकडा हें म्हणूनच यशाचें माप नव्हे. मार्च २०१८ मध्यें विधानसभेंत एकनाथ खडसे यांनीं प्रश्न उपस्थित केला कीं, मंत्रालयांत सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारले गेले ते कसे? तो आंकडा उंदरांचा नसून विषाच्या गोळ्यांचा होता, असा खुलासा सरकारपक्षाकडून झाला. खुलासा खरा मानला तरी गोळ्या मोजून उंदीर मोजल्याचें समाधान मानावें, ही वृत्ति मंत्रालयांत जशी आहे तशीच ती आपल्या माजघरांतही आहे.

विषाचें हें प्रकरण विशेष गंभीर आहे. बाजारांत मिळणाऱ्या कांहीं मलमांत पिवळा फॉस्फरस असतो. त्यानें यकृत निकामी होतें व त्यावर खात्रीचा उतारा नाहीं. म्हणूनच तमिळनाडूनें त्याच्या विक्रीस बंदी केली. महाराष्ट्रानेंही तेंच करावें, अशी आमची मागणी आहे. गोठण थांबविणाऱ्या विषांवर के जीवनसत्त्वाचा उतारा आहे. पण तो डॉक्टरकडे, घरांत नव्हे. विष वापरणेंच भाग पडलें तर तें मुलांच्या व गुरांच्या हातीं-तोंडीं न लागेल अशा बंद पेटींत ठेवावें; खाण्याच्या पदार्थावर लावून उघड्यावर कधींही नाहीं. चुकून पोटांत गेल्यास घरगुती उपचारांत वेळ न दवडतां रोगी आणि विषाचें वेष्टण दोन्हीं एकदम दवाखान्यांत न्यावींत. चिकट पुठ्ठेही आम्हांस पसंत नाहींत. त्यांवर प्राणी तासन् तास तडफडतो; त्यांविरुद्ध भारतीय जीवजंतु कल्याण मंडळानें सूचना काढल्या आहेत. त्यापेक्षां जुना पिंजरा किंवा सापळा बरा. उंदीर भिंतीच्या कडेनें धांवतो व नव्या वस्तूस बिचकतो; म्हणून सापळा भिंतीस लावून, दोन-तीन रात्री न ताणतां नुसता खाऊ घालून ठेवावा, मग ताणावा. मेलेल्या उंदरास उघड्या हातानें शिवूं नये. त्यास खोल पुरावें. आणि कोणीं विष घातलें नसतांही उंदीर पटापट मरून पडूं लागले, तर ती आनंदाची वार्ता न समजतां त्याच दिवशीं आरोग्य केंद्रास कळवावी. कारण पोशिंदा मेला म्हणजे पिसवा माणसाकडे वळतात.

खरा उपाय याच्या आधीं आहे, आणि तो उंदराचें अन्नपाणी तोडण्याचा आहे. धान्य पोत्यांत किंवा कणगींत न ठेवतां झांकणाच्या पत्र्याच्या कोठींत, जमिनीपासून उंच ठेवावें. अर्धा इंच फट उंदरास पुरते, लहान चुईस त्याहूनही कमी; म्हणून बिळें कांचेचे तुकडे व सिमेंट घालून बुजवावींत, दाराखालीं पत्र्याची पट्टी ठोकावी, मोरीच्या तोंडास जाळी बसवावी. रात्रीं खरकटें ठेवूं नये. सरपण व अडगळ भिंतीपासून दूर असावी. उंदीर गणपतीचें वाहन, त्यास कसें मारावें, असें म्हणणारे श्रद्धाळु लोक आहेत. त्यांच्या श्रद्धेशीं आमचें भांडण नाहीं. ज्यास मारवत नाहीं त्यानें तर कोठीचें झांकण आणि बिळाचें तोंड सर्वांच्या आधीं बंद करावें. वर्षभर त्याला दाणे घालायचे आणि मग एका रात्रीं विष घालायचें, यांत ना धर्म आहे ना व्यवहार.

परंतु एकट्या घरानें हें केलें तर उंदीर शेजारीं जातो, आणि तेथून परत येतो. येथेंच हा प्रश्न घराचा न राहतां गांवाचा होतो. १८९७ चा साथरोगांचा कायदा वाचून पाहा: त्यांत अधिकारांची रेलचेल आहे, अधिकाऱ्यांस दाव्यापासून अभय आहे, लोकांप्रत सरकारचें कर्तव्य कोणतें, याविषयीं तो मूक आहे. तोच कायदा २०२० सालीं कोरोनाच्या वेळीं पुन्हां बाहेर काढावा लागला. उलट, स्वराज्यांत आपणच केलेल्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यांत, कलम ४५ अन्वयें, गांवच्या स्वच्छतेची व आरोग्याची तजवीज ग्रामनिधींतून झेपेल तितपत करणें हें पंचायतीचें कर्तव्य म्हणून सांगितलें आहे. साथ आल्यावर अधिकार चालविण्यापेक्षां साथ येण्यापूर्वीं कर्तव्य करणें स्वस्त पडतें, आणि त्यांत कोणाच्या घराची अब्रू जात नाहीं.

तेव्हां तिसगांवकरांस व त्यांच्यासारख्या सर्व गांवांस आमची सूचना अशी. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेंत, ऊसतोडीची कुटुंबें निघण्यापूर्वीं, हा विषय घ्यावा. बाजाराचा कचरा त्याच रात्रीं उचलावा, गटारें झांकावींत, रेशनच्या दुकानाचें व शाळेंतील पोषण आहाराचें धान्य कसें ठेवलें आहे तें पंचांनीं स्वतः पाहावें, बिळें बुजविण्याचा एकच आठवडा साऱ्या गांवानें पाळावा. जीं कुटुंबें बाहेर जाणार त्यांना कोठीसाठीं मदत द्यावी, आणि त्यांच्या घराकडे पाहण्याचें काम आळीनें वांटून घ्यावें. गरिबाच्या कुलपाआड माजलेला उंदीर श्रीमंताच्या माळ्यावर जातांना परवाना मागत नाहीं.

मांजराच्या गळ्यांत घंटा कोणीं बांधावी, हा उंदरांच्या सभेस न सुटलेला प्रश्न आहे. माणसांच्या सभेपुढील काम त्याहून पुष्कळच सोपें आहे. तेंही आपल्या हातून होत नसेल, तर त्या तीन वर्षांच्या मुलीच्या हातांतील भाकरीचा तुकडा आपणच दिला होता, असें समजावें लागेल.